घसारा न लागणारी घरे

सरकारी घर सजवायचे ते कोणासाठी? राहणारा मुदत संपली की जातो. घर मागे उरते. मुंबईच्या राजभवनातील ‘जलभूषण’ हे १८८५ पासूनचे राज्यप्रमुखाचे निवासस्थान. जीर्ण झाले म्हणून ते पाडून नव्याने उभारले. १४ जून २०२२ रोजी त्याचे उद्घाटन झाले. जुनी वैशिष्ट्ये नव्यातही राखली आहेत. पण पावलांनी झिजलेला उंबरठा नव्याने कसा घडवणार?

बँकेत आम्ही टेबल-खुर्च्यांची नोंद डेडस्टॉक रजिस्टरात करीत असू. दरवर्षी घसारा काढायचा. अखेर किंमत उरे एक रुपया. ऐतिहासिक वास्तूचा हिशेब नेमका उलटा. वस्तू जितकी वापरलेली, तितकी मोलाची!

त्याच राजभवनात २०१६ मध्ये इंग्रजांच्या काळातले भुयार सापडले. तिथे आता क्रांतिकारकांचे दालन आहे. ज्या सत्तेने तिथे दारूगोळा साठवला, तिच्याशी लढलेल्यांच्या स्मृती तिथेच मांडल्या. ही सजावट मला पटते, कारण ती इतिहास झाकत नाही.

आमच्या राजगुरुनगरात भीमेकाठी हुतात्मा राजगुरूंचा वाडा आहे. १९०८ मध्ये तिथे जन्मलेला मुलगा १९३१ मध्ये लाहोरला फासावर गेला. त्या वाड्याला दुरुस्ती हवीच. पण झुंबरे आणि गालिचे नकोत. जन्मखोलीचा साधेपणा हाच तिथला दागिना. तो पुसला, तर कोणत्या अंदाजपत्रकातून परत आणणार?