चाव्याचा जोर आणि यंत्राचा काटा

दिवाळीच्या फराळाच्या वेळी माझ्या वडिलांनी चकली हातात घेतली, क्षणभर पाहिली आणि परत ताटलीत ठेवली. चार महिन्यांसाठी आमच्याकडे आलेले बाबा कवळी वापरतात. एका दंतवैद्यांनी यंत्रावर त्यांच्या चाव्याचा जोर मोजला. आकडा आला ६० न्यूटन. "फार कमी. नवी कवळी करा." बाबांच्या प्रवासी विम्यात दातांचा खर्च बसत नव्हता, म्हणून आठवड्याने दुसरीकडे दाखवले. तिथे आकडा आला ११०. माणूस तोच, कवळी तीच. खरे कोणाचे मानायचे?

२० पौंडांची बासमतीची पिशवी ओट्यावर ठेवली की सुमारे ९० न्यूटनचा भार पडतो. निरोगी दाढांचा जोर साधारण ३०० ते ६०० न्यूटन भरतो. पुढच्या दातांचा त्याहून बराच कमी, आणि पूर्ण कवळीचा नैसर्गिक दातांच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढाच.

सतराव्या शतकात इटलीच्या बोरेलीने खालच्या दाढांवरून दोरी घेऊन तिला वजने टांगली आणि जबडा किती पेलतो ते पाहिले. आजच्या अनेक यंत्रांत दातांमध्ये धातूची पट्टी धरतात. चावले की ती किंचित वाकते, तिच्यावर चिकटवलेल्या बारीक तारेचा विद्युतरोध बदलतो आणि आकडा उमटतो. म्हणजे यंत्र मोजते ते वाकणे. किती वाकले म्हणजे किती जोर, हे माहीत असलेली वजने ठेवूनच ठरवावे लागते आणि मधूनमधून पडताळावे लागते. प्रयोगशाळेत आम्ही रसायनवाले तराजू तपासल्याशिवाय कामाला हात लावत नाही. मी तेच विचारले.

दुसऱ्या ठिकाणच्या बाईंनी आमच्यासमोर वजने काढली. ५ किलोला ४९ आणि १० किलोला ९८ न्यूटन यायला हवेत. आले ४८ आणि ९७. वजने उतरवतानाही तेच आकडे आले. पट्टीच्या टोकाला वजन ठेवून पाहिले, तोंडाच्या उबेने शून्य सरकते का तेही पाहिले. दर वेळी सारखा आकडा येतो म्हणून तो बरोबर असतोच असे नाही. काटा मारणारा दुकानदार प्रत्येक गिऱ्हाइकाला सारखाच मारतो!

पहिल्या ठिकाणी फोन केला. यंत्र शेवटचे कधी तपासले, हे तिथे कोणालाच सांगता आले नाही. शिवाय तिथे पट्टी पुढच्या दातांत धरली होती, इथे दाढांत. मग दोन आकड्यांची तुलना करायची तरी कशी?

बाबांची कवळी सैल झाली होती एवढेच. आतून नवा थर देऊन ती घट्ट बसवली. नवीन करावी लागली नाही.

आपल्या आईवडिलांचे दात दाखवायला न्याल तेव्हा तीन प्रश्न जरूर विचारा: यंत्र वजनांनी कधी तपासले? पट्टी कुठल्या दातांत धरली? किती वेळा मोजले? यात संकोच कसला? भाजी घेतानाही आपण काट्याकडे बघतोच की.

बाबा आता भाकरी खातात. चकलीचे मात्र पुढच्या दिवाळीला बघू, म्हणतात.