ब्रेक डिस्कचा वाकडेपणा

ब्रेक डिस्कचा वाकडेपणा ही डिस्क ब्रेक असलेल्या वाहनांमध्ये आढळणारी एक सदोष स्थिती आहे. चाकासोबत फिरणारी लोखंडी चकती आपल्या प्रतलात सरळ फिरत नाही किंवा तिची जाडी सर्वत्र सारखी राहत नाही, तेव्हा ब्रेक दाबताच स्टिअरिंग थरथरते आणि ब्रेकचे पेडल पायाखाली ठोके देऊ लागते. कार्यशाळांच्या बोलीत याला 'डिस्क वाकली' किंवा 'डिस्क बेंड झाली' असे म्हणतात. हा शब्दप्रयोग सोयीचा असला तरी दिशाभूल करणारा आहे, कारण अशा बहुसंख्य चकत्या प्रत्यक्षात वाकलेल्या नसतात. नवीन वाहनात हा दोष उद्भवल्यास त्याचा खर्च उत्पादकाने सोसावा, विक्रेत्याने की मालकाने, हा वाद बहुतेक वेळा याच गैरसमजातून निर्माण होतो.

पार्श्वभूमी

डिस्क ब्रेकचे एकस्व इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचे अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली घेतले. या ब्रेकची उपयुक्तता मात्र १९५३ च्या ल मान्स शर्यतीत जग्वार सी-टाइप मोटारीने मिळवलेल्या विजयानंतरच सर्वमान्य झाली. १९५५ साली आलेल्या सित्रोएन डीएस या मोटारीमुळे तो सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचला. चकती सहसा करड्या बिडाची ओतलेली असते. बीड स्वस्त असते, त्यावर कातकाम सोपे जाते आणि ते उष्णता चांगली शोषते. कॅलिपरमधील दोन पॅड ही चकती दोन्ही बाजूंनी चिमटीत धरावी तशी दाबतात.

या दाबातून वाहनाच्या गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. १,५०० किलोग्रॅम वजनाची मोटार ताशी १०० किमी वेगावरून पूर्ण थांबवल्यास सुमारे ५ लाख ८० हजार जूल ऊर्जा ब्रेकमध्ये उतरते. तेवढ्या ऊर्जेने जवळजवळ पावणेदोन लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीला येईल. घाटातील उतारावर हिशेब आणखी वाढतो. खंडाळ्याच्या घाटात सुमारे ५०० मीटर उंची उतरताना त्याच मोटारीची ७० लाख जूलांहून अधिक स्थितिज ऊर्जा कोठेतरी खर्च व्हावी लागते. चालकाने गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवली तर तिचा मोठा वाटा इंजिन पेलते, अन्यथा तो सगळा भार ब्रेकवर पडतो.

लक्षणे आणि मापन

मोटारीच्या चाकाचा परीघ साधारण दोन मीटर असतो. म्हणजे ताशी १०० किमी वेगाला चाक सेकंदाला सुमारे चौदा वेळा फिरते. चकतीवर एखादी जाड जागा असेल, तर ती पॅडमधून सेकंदाला तितक्याच वेळा जाते आणि तेवढे धक्के देते. वेग कमी होतो तशी थरथर मंदावते. पुढच्या चाकांतील दोष स्टिअरिंगला जाणवतो, मागच्या चाकांतील दोष आसनाला व पेडलला. ब्रेक न दाबताही गाडी थरथरत असेल, तर चाकाचे संतुलन, टायर किंवा बेअरिंग यांकडे आधी पाहावे. अचानक जोरात ब्रेक दाबल्यावर पेडलला येणारी जलद धडधड ही एबीएस यंत्रणेची असते व तो दोष नव्हे.

निदानासाठी दोन मापे घ्यावी लागतात. पहिले माप चकतीच्या डुलण्याचे. चाक काढून चकती नटांनी हबवर घट्ट बसवतात, बाहेरच्या कडेपासून सुमारे एक सेंटीमीटर आत डायल गेजचे टोक टेकवतात आणि चकती एक फेरा फिरवतात. अनेक उत्पादकांच्या मते हे डुलणे ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या आत असावे. छायाप्रतीसाठी वापरला जाणारा साधा कागद सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असतो, यावरून ही मर्यादा किती काटेकोर आहे याची कल्पना यावी. दुसरे माप जाडीतील फरकाचे. चकतीच्या परिघावर सारख्या अंतरावर आठ ठिकाणी मायक्रोमीटरने जाडी मोजतात. अवघ्या ०.०२ मिलिमीटरचा फरकही पायाला जाणवू शकतो. डोळ्यांनी पाहून किंवा गाडी एकदा चालवून 'डिस्क गेली' असा निर्णय देणे म्हणजे निदान नव्हे.

कारणे

डुलणे आणि जाडीतील फरक हे दोन वेगळे दोष असले तरी एकातून दुसरा जन्मतो, आणि हा संबंध समजून घेणे हमीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. चकती किंचित तिरपी बसली, तर ब्रेक सोडलेला असतानाही तिची पुढे आलेली बाजू प्रत्येक फेऱ्यात पॅडला घासून जाते. एका किलोमीटरला सुमारे ५०० फेरे धरले, तर ५,००० किमी प्रवासात हा स्पर्श २५ लाख वेळा घडतो. पॅडच्या प्रकारानुसार त्या जागी चकती झिजते किंवा पॅडच्या द्रव्याचा थर साचतो. दोन्ही प्रकारांत जाडी असमान होते आणि थरथर सुरू होते. म्हणून चकती बसवताना झालेली चूक बसवली त्या दिवशी सहसा कळत नाही. ती कित्येक हजार किलोमीटरनंतर प्रकट होते, आणि तोवर ती चालकाची चूक वाटू लागते.

चकती तिरपी बसण्यास फार मोठे कारण लागत नाही. हबच्या पृष्ठभागावर राहिलेली गंजाची खपली पुरते. हबचा व्यास १४० मिलिमीटर आणि चकतीचा २८० मिलिमीटर असेल, तर हबच्या कडेला असलेला ०.०५ मिलिमीटरचा तिरपेपणा चकतीच्या कडेला दुप्पट होतो. चाकाचे नट हवेवर चालणाऱ्या गनने एकामागोमाग कमी-अधिक ताकदीने आवळल्यासही चकतीवर असमान ताण येतो. पंक्चर काढल्यानंतर किंवा टायर बदलल्यानंतर काही आठवड्यांनी थरथर सुरू झाल्याच्या तक्रारींमागे हेही एक कारण असू शकते. नट समोरासमोरच्या क्रमाने आणि टॉर्क पान्याने ठरलेल्या मापावर आवळणे हा त्यावरील साधा उपाय आहे.

दुसरे महत्त्वाचे कारण चालवण्याच्या पद्धतीशी निगडित आहे. जोरात ब्रेक लावून गाडी थांबवल्यावर पेडल तसेच दाबून धरले, तर तापलेला पॅड चकतीच्या एकाच जागी चिकटल्यासारखा होऊन आपला ठसा तेथे सोडतो. शर्यतीच्या मोटारींचे अमेरिकन अभियंता व लेखक कॅरोल स्मिथ यांनी तर असे प्रतिपादन केले, की ज्याला सर्रास वाकलेली डिस्क म्हटले जाते ती जवळपास नेहमी पॅडच्या द्रव्याचा असमान थर बसलेली डिस्क असते. या थरामुळे ती जागा इतर जागांपेक्षा अधिक तापते. सुमारे ६५० अंश सेल्सिअसच्या पुढे तेथील बिडाची रचनाच बदलून सिमेंटाइट हे कठीण लोहकार्बाइड तयार होऊ लागते. सिमेंटाइट उष्णता नीट शोषत नाही, त्यामुळे ती जागा पुन्हा अधिक तापते आणि डाग खोलवर पसरतो.

खऱ्या अर्थाने आकार बदलणेही अगदी अशक्य नाही. ओतकामानंतर धातूतील अंतर्गत ताण नीट घालवलेले नसतील, तर पहिल्या काही तापण्यांत चकती आपला आकार किंचित बदलू शकते. हा मात्र निर्विवादपणे उत्पादनदोष होय. कॅलिपरच्या पिना जाम होऊन एक पॅड सतत टेकून राहणे, बेअरिंग सैल होणे ही आणखी काही कारणे.

दुरुस्ती

थर पातळ असेल तर पृष्ठभाग घासून स्वच्छ करून पॅड नव्याने बसवणे पुरते. अन्यथा चकती लेथवर चढवून तिचे दोन्ही पृष्ठभाग कातून समतल करतात. चकती वाहनावरच ठेवून कातणारी यंत्रेही असतात. त्यांचा लाभ असा की हबचा तिरपेपणाही हिशेबात धरला जातो. प्रत्येक चकतीवर तिची किमान जाडी कोरलेली असते. कातल्यानंतर जाडी त्याखाली जाणार असेल, तर चकती बदलणे अनिवार्य ठरते. पातळ चकती कमी उष्णता साठवते, लवकर तापते आणि तिला तडे जाऊ शकतात. सिमेंटाइट खोलवर गेले असेल, तर वरवर कातल्याने काही काळ आराम पडतो, पण कठीण डाग त्याच जागी पुन्हा उंचवटा होऊन वर येतो.

चकत्या एका आसावरील दोन्ही चाकांच्या जोडीने बदलतात आणि पॅडही नवे घालतात. त्यानंतर मध्यम वेगावरून काही वेळा हळूहळू ब्रेक लावून, पूर्ण न थांबता, मध्ये थंड होऊ देत पॅडचा एकसारखा थर चकतीवर बसवावा लागतो. घाईत वाहन ताब्यात देणाऱ्या कार्यशाळांत ही पायरी गाळली जाते, आणि काही महिन्यांत ग्राहक तीच तक्रार घेऊन परत येतो.

हमी

हमीपत्रात दोन गोष्टी स्वतंत्रपणे नमूद असतात. साहित्य किंवा कारागिरीतील दोष उत्पादक विनामूल्य दूर करतो, आणि नेहमीच्या वापरात झिजणारे भाग या जबाबदारीतून वगळले जातात. ब्रेक पॅड निःसंशय दुसऱ्या वर्गात मोडतात. चकती मात्र सीमेवर उभी असते. ती झिजते हे खरे, पण पॅडइतक्या लवकर झिजणे तिच्याकडून अपेक्षित नसते.

संयुक्त संस्थानांमध्ये नव्या मोटारीची मूलभूत हमी बहुधा ३ वर्षे किंवा ३६,००० मैल असते. चकतीला काही उत्पादक त्यातून वगळतात, तर काही १२ महिने किंवा १२,००० मैलांची वेगळी, तोकडी मुदत देतात. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस हमी अधिनियमानुसार हमीच्या अटी स्पष्ट भाषेत देणे बंधनकारक आहे. वाहनाची देखभाल अन्यत्र केली किंवा दुसऱ्या कंपनीचे पॅड वापरले, एवढ्याच कारणाने हमी नाकारता येत नाही. नुकसान त्या भागामुळेच झाले हे दाखवावे लागते. कनेक्टिकट राज्याने १९८२ साली 'लेमन लॉ' नावाने ओळखला जाणारा कायदा केला आणि पुढे इतर राज्यांनी त्याचे अनुकरण केले. वारंवार दुरुस्ती करूनही वाहनाचा वापर, किंमत किंवा सुरक्षितता यांना बाधा आणणारा दोष टिकून राहिला, तर या कायद्यांनुसार वाहन बदलून किंवा पैसे परत मागता येतात.

भारतात असा स्वतंत्र वाहनकायदा नाही. वाद ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली येतो. हा अधिनियम २० जुलै २०२० पासून लागू होऊन त्याने १९८६ च्या अधिनियमाची जागा घेतली. त्यातील उत्पादन दायित्वाचे प्रकरण अनेकदा येथे उद्धृत केले जाते, परंतु ते दुखापत वा अन्य मालमत्तेच्या हानीसाठी आहे. स्वतः उत्पादनालाच झालेली हानी त्या व्याख्येतून वगळलेली आहे. म्हणून चकतीची तक्रार 'वस्तूतील दोष' या सदराखाली करावी लागते, आणि चूक बसवण्यातील असेल तर 'सेवेतील त्रुटी' या सदराखाली. पहिलीत उत्पादक उत्तरदायी ठरतो, दुसरीत विक्रेता वा त्याची कार्यशाळा. दोघांनाही प्रतिवादी करणे श्रेयस्कर, कारण एक नेहमी दुसऱ्याकडे बोट दाखवतो. व्यापारी हेतूने घेतलेल्या वाहनाचा मालक या अधिनियमाखाली ग्राहक ठरत नाही. स्वतः चालवून पोट भरणारा टॅक्सीचालक मात्र ठरतो.

अशा तक्रारीत मापांच्या नोंदीला निर्णायक महत्त्व असते. जॉब कार्डवर 'ब्रेक तपासले, ठीक आहेत' एवढेच लिहिले जाते, आणि त्यावर पुढे काहीही सिद्ध होत नाही. वाहन देतानाच थरथर किती वेगाला व किती किलोमीटरनंतर सुरू झाली हे कार्डावर लिहून घ्यावे. डायल गेज व मायक्रोमीटरची मापे लेखी मागावीत. हबवर चकती बसवलेली असतानाचे डुलणे आणि सुटी चकती लेथवर फिरवतानाचे डुलणे यांची तुलना केल्यास दोष चकतीचा की बसवण्याचा हे बरेचसे उलगडते. चकती बदलली, तर जुनी चकती परत मागावी. तपासणीशिवाय दोष ठरवता येणार नाही असे आयोगाला वाटल्यास कलम ३८ अन्वये वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवण्याची तरतूद आहे, आणि भंगारात गेलेल्या चकतीची तपासणी होऊ शकत नाही. ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही तक्रार करता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असून सबळ कारण दिल्यास आयोग विलंब क्षमापित करू शकतो. तत्पूर्वी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तडजोडीसाठी नोंद करण्याची सोय आहे.