मिस्त्रीच्या मुलीचा नकाशा

इमारत उभी राहते तेव्हा पाटीवर बिल्डरचे नाव लागते आणि आर्किटेक्टचेही लागते. ज्याने वीट रचली आणि स्लॅबवर रात्रभर पाणी मारले, त्याचे नाव कुठेच नसते. आपल्या वस्त्यांतील कितीतरी कुटुंबांची चूल याच कामावर पेटते. मिस्त्री, बिगारी, सेंट्रिंगवाले, लादीवाले, रंगारी. दुसऱ्यांची घरे बांधण्यात पिढ्या गेल्या, पण घराचा नकाशा काढणारी माणसे आपल्यात थोडीच. म्हणून पूर्व उपनगरातील डोंगरउतारावरच्या एका वस्तीत मिस्त्रीची मुलगी आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे असे समजले, तेव्हा आम्ही एका रविवारी तिच्या घरी गेलो. नाव छापू नका, अशी तिची विनंती होती. ती आम्ही पाळत आहोत.

दहा बाय बाराची खोली

घर म्हणजे दहा फूट बाय बारा फुटांची खोली आणि वर पोटमाळा. माणसे पाच. आजोबा १९७२ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातून मुंबईला आले आणि खडी फोडण्याच्या कामाला लागले. वडील नाक्यावर उभे राहून आधी बिगारी आणि पुढे मिस्त्री झाले. आई एका शाळेत सफाईचे काम करते. जयभीम झाला, चहा झाला, मग मुलीने माळ्यावरून कागदाची लांब गुंडाळी खाली काढली. ती पसरायला खोलीत जागा नव्हती. शेवटी आईने भांडी बाजूला सारली आणि आम्ही सारे भिंतीला टेकून बसलो.

“पहिल्या वर्षी हीच अडचण होती,” ती म्हणाली. “ड्रॉइंग बोर्ड ठेवायला टेबल नाही. सगळे झोपले की खाटेवर बोर्ड ठेवून काम करायचे. उजेड डोळ्यांवर येतो म्हणून आजी कुरकुरायची.”

आर्किटेक्चरची पदवी पाच वर्षांची, म्हणजे दहा सत्रांची. पुस्तक पाठ करून पास होण्यासारखे यात फारसे काही नाही. दर सत्रात डिझाइनचा एक मोठा विषय मिळतो. जागा पाहायची, मोजायची, तिथल्या माणसांशी बोलायचे, मग नकाशे काढायचे आणि पुठ्ठ्याचे मॉडेल करायचे. शेवटी परीक्षकांसमोर उभे राहून प्रत्येक रेषेचा जाब द्यायचा. याला ज्युरी म्हणतात. रात्रभर जागून केलेले काम दहा मिनिटांत खोडून निघते. पहिल्या ज्युरीनंतर रडली नाही अशी मुलगी आपल्या वर्गात नव्हती, असे ती हसत म्हणाली.

जिना कुणी तपासला?

पहिल्या वर्षी माणसाच्या शरीराची मापे शिकवतात. उभ्या माणसाचा हात किती उंच पोहोचतो, बसलेल्याचा गुडघा किती जागा घेतो, दोन माणसे समोरासमोर आली तर वाट किती रुंद हवी. मग जिना येतो. तिने काढलेल्या पहिल्या जिन्यात दहा फूट उंची चढायला चौदा पायऱ्या होत्या. वडील कामावरून आले, हातपाय धुतले आणि जेवता जेवता त्यांची नजर कागदावर गेली.

“पोरी, पायरी केवढी उंच झाली ही?”

तिने हिशेब केला. दहा फुटांचे १२० इंच, भागिले चौदा. साडेआठ इंचांहून जास्त.

“साडेआठ इंचाची पायरी तुझी आजी कशी चढंल? आन् वरचा स्लॅब बघ. उंच माणूस असंल तर कपाळमोक्ष.”

दुसऱ्या दिवशी वर्गात नियम शिकवला तो असा : पायरीच्या उंचीची दुप्पट अधिक तिची रुंदी, ही बेरीज सुमारे ६० ते ६४ सेंटिमीटर यावी, म्हणजे पाय थकत नाही. डोक्यावर किमान २.२ मीटर, म्हणजे सव्वासात फूट मोकळे हवे. वडील सातवी नापास. सूत्र त्यांना ठाऊक नव्हते, पण उत्तर ठाऊक होते. तिने अठरा पायऱ्यांचा जिना काढला. पायरी पावणेसात इंचांच्या आत आली.

तेव्हापासून बापलेकींची शिकवणी सुरू झाली. ओळंबा कसा धरायचा, लेव्हल पाइपातल्या पाण्याने सपाटी कशी काढायची, गुण्या नसेल तर तीन-चार-पाच फुटांच्या दोरीने काटकोन कसा साधायचा, हे तिने घरीच शिकून घेतले. भूमितीच्या पुस्तकातला त्रिकोण वडील वीस वर्षे नाक्यावर वापरत होते.

‘हे माझे घर आहे’

पण घरातली ही विद्या तिने कॉलेजात कुणाला सांगितली नव्हती. कुठे राहतेस असे विचारले की ती स्टेशनचे नाव सांगायची, वस्तीचे नाही. वर्गातल्या बऱ्याच मुलांचे वडील स्वतः बिल्डर नाहीतर आर्किटेक्ट. त्यांच्या घरी मोठे टेबल, चांगला कॉम्प्युटर. हिचा जुना लॅपटॉप नकाशा उघडतानाच अडकायचा. शिष्यवृत्तीचे पैसे वेळेवर आले नाहीत, तेव्हा एका सत्राचे मॉडेल तिने किराणा दुकानातल्या खोक्यांचे केले. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी शिक्षण सोडून नोकरी धरावी, असे तिच्या मनात पक्के झाले होते. आईने एकच वाक्य ऐकवले : “मी झाडू मारते ती शाळा कुणीतरी नकाशा काढल्याशिवाय उभी राहिली का?”

तिसऱ्या वर्षी विषय आला झोपडपट्टीवासीयांसाठी घरे. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत मिळणारे घर पूर्वी २२५ चौरस फुटांचे होते, पुढे २६९ झाले आणि आता ३०० चौरस फुटांचे आहे. तेवढ्यात संसार बसवायचा. तिने मासिकांतली चित्रे पाहून मोठा हॉल, काचेची बाल्कनी असा नकाशा केला. तो आईला दाखवला.

आई म्हणाली, “पाणी भरून ठेवायचं पिंप कुठं? पापड वाळत कुठं घालू? आन् कुणाचं मयत झालं, तर या जिन्याच्या वळणातून तिरडी वळंल का?”

तिने तो नकाशा बाजूला ठेवला आणि टेप घेऊन वस्तीत फिरली. वीस घरे मोजली. कुठे शिवणयंत्र चालते, कुठे खानावळीचे डबे होतात, म्हातारी माणसे दिवसभर कुठे बसतात, हे सारे मापासकट लिहिले. आपली खोलीही मोजली. दमट हवेच्या प्रदेशात खिडक्यांचे क्षेत्रफळ फरशीच्या किमान एक षष्ठांश असावे, असे राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. १२० चौरस फुटांच्या त्या खोलीला २० चौरस फूट खिडकी हवी. खिडकी एकच, तीन बाय तीनची. नऊ चौरस फूट. आजीचा खोकला का जात नाही, याचे एक कारण तिला कागदावर दिसले.

नव्या नकाशात तिने जिन्याचे वळण रुंद केले. प्रत्येक मजल्यावर चार घरांपुढे सामाईक ओटा दिला. खिडक्या समोरासमोर घेतल्या, म्हणजे वारा आरपार जाईल. ज्युरीला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारले, “ही मापे कुठल्या पुस्तकातली?”

“मी क्षणभर गप्प झाले,” ती आम्हाला सांगत होती. “मग म्हणाले, सर, हे पुस्तकातले नाही. हे माझे घर आहे.”

वर्ग शांत झाला. परीक्षकांनी खुर्ची पुढे ओढली आणि अर्धा तास प्रश्न विचारले. चुकाही दाखवल्या. सामाईक ओट्यावर पावसाची झड येईल, हे तिच्या ध्यानात आले नव्हते. पण त्या दिवसापासून कुठे राहतेस या प्रश्नाला तिने वस्तीचेच नाव सांगितले.

बेलापूर, इंदूर आणि कार्ले

गरिबांच्या घरांचा विचार थोर वास्तुशिल्पकारांनीही केला आहे. चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात नवी मुंबईत बेलापूरला वसाहत केली. सात-सात घरांमध्ये एक अंगण, आणि प्रत्येकाला ४५ ते ७५ चौरस मीटरचा स्वतःचा तुकडा. कुटुंब वाढले तर घर वाढवता यावे, ही त्यातली कल्पना. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी यांनी इंदूरला अरण्य वसाहतीची आखणी केली. तिथे अनेक कुटुंबांना जोते, संडास-न्हाणी आणि पाणी एवढे तयार दिले, बाकीचे घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे बांधावे. दोशींना २०१८ साली वास्तुकलेतील प्रित्झ्कर हा जगातला मोठा सन्मान मिळाला. “लोक स्वतः घर बांधू शकतात, हे त्यांनी मानले. हे मला सगळ्यात आवडले,” ती म्हणाली.

अभ्याससहलीत ती कार्ल्याच्या लेण्यांना गेली होती. चैत्यगृहाच्या कमानीतून उजेड आत कसा येतो आणि स्तूपापर्यंत कसा पोहोचतो, हे तिने चित्रांत टिपले आहे. छताला लावलेल्या जुन्या सागवानी कमानी आजही तिथे आहेत. पण वडिलांना तिने दाखवला तो शिलालेखाचा फोटो. प्रवेशाजवळच्या त्या लेखात सामी नावाच्या सुताराने दरवाजा केल्याची नोंद आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराचे नाव दगडावर कोरलेले! वडिलांनी तो फोटो बराच वेळ हातात धरला. “आमचं नाव तर मस्टरवर बी नीट लिहीत न्हाईत,” एवढेच बोलले.

विहारातली अभ्यासिका

घरात टेबल नव्हते तेव्हा तिला आधार मिळाला वस्तीतल्या बुद्धविहाराच्या अभ्यासिकेचा. रात्री बारापर्यंत ती तिथे बसे. परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्यांत राहून बाबासाहेबांनी रात्री जागवल्या आणि पुढे १९३० च्या दशकात दादरला राजगृह उभे केले ते ग्रंथांना जागा हवी म्हणून. अभ्यासाला जागा लागते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

ही अभ्यासिका मात्र बारा बाय वीसची पत्र्याची खोली. उन्हाळ्यात दुपारी मुले बसत नसत. चौथ्या वर्षी विहाराच्या कमिटीने तिला म्हटले, तूच काहीतरी सुचव. तिचे पहिले खरे काम ते. तिने उत्तर आणि पूर्वेच्या भिंतींत खिडक्या वाढवल्या, कारण मुंबईचा पाऊस मुख्यतः नैऋत्येकडून झोडपतो. पत्र्याखाली बांबूच्या चटयांचे छत घेतले. गरम हवा वर चढते, तिला वाट मिळावी म्हणून भिंतीच्या माथ्याला सिमेंटच्या जाळ्या बसवल्या. भिंतीला बिजागरीची फळी लावली, जी उघडली की टेबल आणि मिटली की सभेला जागा मोकळी. वर्गणी वस्तीने काढली. काम वडिलांनी आणि त्यांच्या नाक्यावरच्या सोबत्यांनी चार रविवारी केले.

चूक झालीच. साऱ्या फळ्या तीस इंचांवर लावल्या, आणि दुसरी-तिसरीची मुले बसली तर हनुवटी फळीला लागू लागली. एका बाजूच्या फळ्या काढून चोवीस इंचांवर लावाव्या लागल्या. “कॉलेजात चूक झाली तर मार्क जातात,” ती म्हणाली. “इथे पप्पांचा एक रविवार गेला.”

पुढे काय?

आता तिचा शेवटच्या वर्षाचा प्रबंध चालू आहे. विषय तिने स्वतः निवडला : नाका कामगारांसाठी निवारा. पहाटेपासून काम मिळेपर्यंत बसायला सावली, पिण्याचे पाणी, बायकांसाठी संडास, हत्यारे ठेवायला कपाट आणि लेकरांसाठी पाळणाघर. रस्त्याच्या कडेच्या अरुंद पट्टीत हे कसे बसेल, याची आठ चित्रे तिने आम्हाला दाखवली. वडील एकेका चित्रावर बोट ठेवून शंका काढत होते. निकाल लागायचा आहे.

आमच्या वाचक माता-पित्यांसाठी थोडी माहिती. या शिक्षणाला बारावीत गणित आणि भौतिकशास्त्र हवे. दहावीनंतर गणितासह तीन वर्षांचा डिप्लोमा केलेल्यांनाही वाट आहे. प्रवेशासाठी ‘नाटा’ ही परीक्षा किंवा ‘जेईई मेन’चा आर्किटेक्चरचा पेपर द्यावा लागतो. त्या वर्षीचे नियम आधी वाचावेत. जात वैधता प्रमाणपत्राची तयारी अकरावीतच करावी, ऐनवेळी धावपळ होते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळू शकते. त्याहून अधिक असेल तर शुल्क माफीची वेगळी योजना आहे. पदवीनंतर वास्तुकला परिषदेकडे नोंदणी करावी लागते. १९७२ च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय कुणालाही स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. आणखी एक : कागद, मॉडेल, छपाई यांचा खर्च फीपेक्षा वेगळा असतो, तो आधीच धरून चाला. ज्यांच्या विहारात एक टेबल रिकामे असेल त्यांनी ते रात्री उघडे ठेवावे.

आम्ही निघालो तेव्हा अंधार पडला होता. आई भांडी पुन्हा जागेवर लावत होती. मुलीने कागद गुंडाळले आणि माळ्यावर चढवले. दारात वडील म्हणाले, “तिचा जिना आता बरोबर येतोय. म्या तपासलाय.”