जुनी बंदूक : पारख आणि परवाना

खंडेनवमीच्या दिवशीं सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील पुष्कळ जुन्या घरांत देवघरासमोर तलवार, भाला, कट्यार मांडली जाते; आणि एखाद्या घरीं त्यांच्या शेजारीं गंजलेल्या नळीची एक लांब बंदूकही दिसते. ती कोणाची, कोठून आली, तिच्यांतून शेवटचा बार कधीं निघाला, हें घरांतील फार थोड्यांना ठाऊक असतें. जुन्या नाण्यांप्रमाणें जुनीं हत्यारें गोळा करण्याचा छंदही कित्येकांना असतो, आणि असे हौशी संग्राहक गांवोगांव चौकशी करीत फिरतात. छंद चांगला आहे. परंतु नाणें घेणें आणि बंदूक घेणें यांत मोठें अंतर आहे. नाणें खोटें निघालें तर पैसे जातात. बंदूक खरी निघाली तर घेणारा तुरुंगांत जाऊं शकतो. म्हणून या विषयांत पारख आणि परवाना या दोन्ही गोष्टी बरोबरच शिकल्या पाहिजेत.

या मुलखांत एके काळीं हत्यार ही घरोघरची वस्तु होती. १८४८ सालीं साताऱ्याचें राज्य खालसा झालें. १८५७ च्या धामधुमींत रंगो बापूजींच्या कटाचा सुगावा लागला आणि ८ सप्टेंबर १८५७ रोजीं साताऱ्यास गेंडामाळावर १७ जणांना देहान्त शिक्षा देण्यांत आली. पुढें १८६० चा कायदा आला, आणि त्यावर कळस म्हणजे लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींतील १८७८ चा शस्त्रांचा कायदा. परवान्यावांचून बंदूक बाळगणें हा तेव्हांपासून गुन्हा ठरला. सांगली, मिरज, औंध, फलटण, जत या संस्थानांतून दरबारी शिलेखाने कांहीं काळ टिकले. पण १९४८ सालीं संस्थानें विलीन झालीं आणि त्या शिलेखान्यांना पोसणारी व्यवस्थाही संपली.

हत्यारांचा धंदा बुडाला म्हणजे काय होतें, याचें उदाहरण मिरजेस आहे. हत्यारांना धार आणि झिलई देणारे शिकलगार तेथें पिढ्यान् पिढ्या राहत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास त्यांच्यापैकीं फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनीं तंतुवाद्यांकडे हात वळविला. मिरजेच्या सतारी आणि तंबोरे आज देशभर वाजतात, ते त्या हातांच्या वारसांचे. कारागीर असा तरला. हत्यारें मात्र माळ्यावर आणि अडगळींत जाऊन पडलीं.

अशी बंदूक समोर आली म्हणजे प्रथम तिची जात ओळखावी. तोड्याची बंदूक सर्वांत जुनी. तिच्या नळीच्या बाजूस कानापाशीं एक लहान वाटी असते. तींत रंजक घालीत. चाप ओढतांच सुताची जळती दोरी, म्हणजे तोडा किंवा जामगी, तीवर टेकते, रंजक पेटते आणि कानाच्या भोंकांतून ज्वाला आंतील दारूपर्यंत पोहोंचते. चकमकीच्या बंदुकींत घोड्याच्या तोंडीं गारगोटीचा तुकडा धरलेला असतो आणि तो पोलादी पट्टीवर आपटून ठिणगी पडते. टोपीच्या बंदुकींत घोडा तांब्याच्या लहानशा टोपीवर आपटतो. ही युक्ति ब्रिटिश सैन्यानें १८४० च्या सुमारास उचलली. या तिन्ही जाती ठासणीच्या, म्हणजे तोंडाकडून दारू-गोळी भरून गजानें ठासावयाच्या. चौथी जात काडतुसाची. ती मागील बाजूनें भरतात.

येथें एक भ्रम दूर केला पाहिजे. तोड्याची बंदूक दिसली कीं ती शिवकालीन, असें सर्रास सांगण्यांत येतें. परंतु तोड्याच्या बंदुका आपल्या देशांत एकोणिसाव्या शतकांतही घडविल्या जात होत्या. यंत्र जुन्या जातीचें असलें म्हणून वस्तु तितकी जुनी ठरत नाहीं.

लष्करी बंदुकीवर वाचावयास पुष्कळ असतें. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकांवर प्रथम हृदयाच्या आकाराची खूण असे. १८०८ पासून तिच्या जागीं पुढचे पाय उचललेला सिंह आला. ब्रिटिश सरकारी मालावर रुंद बाणाचें चिन्ह असतें, आणि समोरासमोर टोंकें केलेले दोन बाण दिसले तर ती वस्तु सेवेंतून काढून विकलेली आहे असें समजावें. १८५७ नंतर हिंदी शिपायाला मुद्दाम गोऱ्या शिपायापेक्षां एक पायरी मागचें हत्यार देण्याचें धोरण होतें. गोऱ्यांच्या हातीं १८७१ ची मार्टिनी-हेन्री असतांना हिंदी पलटणींजवळ जुनी स्नायडर होती. गोऱ्यांना १८८८ ची ली-मेटफर्ड मिळाली तेव्हां कोठें मार्टिनी हिंदी शिपायांकडे येऊं लागली. म्हणजे बंदुकीवरील साल आणि ती शिपायाच्या खांद्यावर आल्याचें साल, हीं दोन निराळीं असूं शकतात.

मग आली ली-एन्फील्ड, लोकांच्या बोलण्यांतील ‘थ्री नॉट थ्री’. दोन्ही महायुद्धांत मराठा पलटणी हीच रायफल घेऊन लढल्या. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गांवाला ‘मिलिटरी’ हें उपपद लागलें तें उगाच नव्हे. पहिल्या महायुद्धांत त्या एका गांवचे ४६ जवान कामीं आले. बंगालमध्यें इशापूरच्या कारखान्यांत ही रायफल तयार होत असे. स्वातंत्र्यापूर्वीं तिच्यावर मुकुटाची खूण असे, नंतर अशोकस्तंभाचे सिंह आले. पोलिस आणि पहारेकरी यांच्यासाठीं तिचीच नळी आंतून गुळगुळीत करून ४१० बोअरच्या मस्केटी बनविण्यांत आल्या. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनीं तर या रायफलीला २०२० च्या प्रजासत्ताकदिनीं निरोप दिला.

सैन्यानें सेवेंतून काढलेल्या या रायफली पुढें जातात कोठें? अमेरिकेंत अनेक शहरीं बंदुकांचे बाजार भरतात. सभागृहांत ओळीनें टेबलें मांडून निरनिराळ्या देशांच्या लष्करी रायफली विकावयास ठेवलेल्या असतात, आणि त्यांत इशापूरचा मालही असतो. २००३ सालीं काठमांडूच्या जुन्या राजवाड्यांतील शस्त्रागारच अमेरिकन व्यापाऱ्यांनीं विकत घेतलें. त्यांत सुमारें ५० हजार जुन्या बंदुका होत्या. तेथील गिऱ्हाईक टेबलापाशीं उभें राहून खटका, नळी व दृष्टिपट्टी यांवरील क्रमांक जुळतात कीं नाहीं तें पाहतें, नळींत उजेड धरून आंतल्या पेचदार खांचा शाबूत आहेत काय हें पाहतें आणि मग भाव करतें. क्रमांक जुळले तर रायफल कारखान्यांतून निघाली तशी आहे. न जुळले तर ती चार बंदुकांचे तुकडे जोडून उभी केलेली आहे.

अपशिंग्याच्या एखाद्या शिपायाच्या नातवाला मात्र आजोबांची रायफल अशी विकत घेतां येत नाहीं. १९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलांत आला, आणि ३०३ किंवा ७·६२ मिलिमीटरचें लष्करी काडतूस जींत बसतें अशी रायफल निषिद्ध वर्गांत धरण्यांत आली. सामान्य नागरिकाला तिचा परवाना मिळत नाहीं. नागरिकांसाठीं इशापूरला ३१५ बोअरची रायफल बनूं लागली, तिचें मूळ कारण हेंच : सैन्याचें काडतूस बाहेरच्या बंदुकींत चालूं नये. ही दक्षता इंग्रजांच्या काळापासूनची आहे. निषिद्ध हत्यार विनापरवाना बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें किमान ७ वर्षांची, आणि साध्या बंदुकीबद्दल किमान २ वर्षांची कैद सांगितलेली आहे.

मग संग्राहकानें घ्यावें तरी काय? अधिनियमाच्या ४५ व्या कलमांत एक सवलत आहे. जुन्या धाटणीचें, पुराणवस्तु म्हणून मोल असलेलें किंवा मोडकें हत्यार, जें दुरुस्त करून अथवा न करतां बंदूक म्हणून वापरतां येणारच नाहीं, त्याला हा कायदा लागू नाहीं. या वाक्याचा उत्तरार्ध विक्रेते सहसा सांगत नाहींत. ‘शंभर वर्षांची आहे, तिला परवाना कशाला?’ असें ते म्हणतात. वय पुरेसें नाहीं, निकामीपण पाहिजे. दोनशे वर्षांची तोड्याची बंदूकही नळी आणि कान शाबूत असतील तर बार काढूं शकते, आणि तिला परवाना लागतो. पिकाच्या राखणीसाठीं शेतकऱ्याला ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद कायद्यांत आहे, यावरूनच ठासणीची बंदूक ही खेळणें नव्हे हें उघड होतें. परवाना जिल्हादंडाधिकाऱ्यांकडून मिळतो. आणि २०१९ पासून एका माणसाजवळ, वारशानें आलेल्या धरूनही, दोनांहून अधिक बंदुका असूं शकत नाहींत. शिवाय १९७२ च्या पुरावस्तु कायद्याप्रमाणें शंभर वर्षांहून जुनी वस्तु खासगी माणसाला देशाबाहेर पाठवितां येत नाहीं, आणि तिचा व्यापार करावयास निराळा परवाना लागतो.

कायद्याच्या मागोमाग येते ती लबाडी. खैबर खिंडीच्या बाजूस दर्रा आदमखेल येथें हातानें घडविलेल्या इंग्रजी बंदुकांच्या नकला प्रसिद्ध आहेत. कारागिराला इंग्रजी वाचतां येत नसल्यानें अक्षरें उलटीं पडतात, आणि राणी व्हिक्टोरियाच्या अक्षरांखालीं १९०१ नंतरचें साल कोरलेलें आढळतें. राणी त्याच वर्षाच्या जानेवारींत वारली, एवढें ठाऊक असलें तरी घेणाराचे पैसे वांचतात. जुन्या दस्त्यावर नवे स्क्रू, एकीकडे गंज आणि दुसरीकडे घांसून काढलेली चकाकी, खुणा असावयाच्या जागीं कानशीचे ओरखडे, हीं सर्व संशयाचीं कारणें होत.

याहून मोठी फसवणूक कहाणीची असते. ही बंदूक अमक्या सरदाराची, ही पत्री सरकारची, असें सांगितलें कीं किंमत चढते. १९४३ च्या जुलैंत वसंतदादा पाटील आणि त्यांचे सोबती सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले, ही गोष्ट खरी. परंतु म्हणून त्या दिवसाची म्हणून पुढें केलेली प्रत्येक बंदूक खरी ठरत नाहीं. तिच्यावर सरकारी खूण आणि क्रमांक पाहिजेत, आणि ती कोणाकडून कोणाकडे आली याची साखळी कागदावर पाहिजे. या बाबतींत मोठीं संग्रहालयें किती सावध असतात हें साताऱ्यानें पाहिलें आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट संग्रहालयांतील वाघनखें जुलै २०२४ मध्यें साताऱ्याच्या छत्रपति शिवाजी महाराज संग्रहालयांत दर्शनार्थ आलीं. साताऱ्याचे रेसिडेंट ग्रँट डफ यांना तीं मिळालीं, असें त्यांच्या पेटीवरील लेखांत आहे. तरीही अफझलखानाच्या प्रसंगीं वापरलेलीं तीं हींच, याची खात्री करतां आलेली नाहीं, असें तें संग्रहालय स्पष्ट सांगतें. पेटी, लेख आणि दोनशे वर्षांचा सांभाळ असतां जर इतका संयम, तर बाजारांतल्या तोंडी कहाणीला किती मोल द्यावें, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

शेवटीं, जिच्या घरीं अशी बंदूक सांपडते त्या कुटुंबानें काय करावें? पहिली गोष्ट, ती भरलेली आहे असेंच धरून चालावें. ठासणीची बंदूक भरून ठेवण्याची रीत होती, आणि कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनंतरही पेट घेते. नळीचें तोंड माणसांकडे न करतां लांकडी काठी हलकेच आंत तळापर्यंत सोडावी, तोंडाशीं खूण करावी आणि तीच काठी बाहेरून नळीशेजारीं धरून पाहावी. काठीचें टोंक कानापर्यंत पोंचलें तर नळी मोकळी. चार बोटें अलीकडेच थांबलें तर आंत ठासणी आहे. ती घरीं काढूं नये, विस्तवाजवळ नेऊं नये, चाप ओढून पाहूं नये. काडतुसाच्या बंदुकीला तर हातच न लावणें बरें.

दुसरी गोष्ट, ती लपवूं नये आणि भंगारांतही घालूं नये. जवळ बाळगणें कायदेशीर नसलेलें हत्यार पोलिस ठाण्यांत किंवा परवानाधारक व्यापाऱ्याकडे जमा करण्याची तरतूद कायद्याच्या २१ व्या कलमांत आहे. जमा करतांना पावती घ्यावी, तींत वर्णन आणि क्रमांक लिहवून घ्यावे. परवाना, निकामी असल्याचा निर्वाळा किंवा संग्रहालयाला देणगी, यांपैकीं कोणता मार्ग धरावा याचा विचार त्यानंतर जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या कचेरींत करावा. तिसरी गोष्ट, चिंच, वाळूचा कागद किंवा तेजाब लावून ती उजळूं नये. गंजाबरोबर खुणाही जातात आणि खुणा गेल्या कीं ती बंदूक मुकी होते.

आणि एक काम असें आहे कीं त्याला परवाना लागत नाहीं. घरांतील वृद्ध माणसें आहेत तोंवर ती वस्तु कोणाची, कोणत्या पलटणींतली, कोणत्या सालीं घरांत आली, हें लिहून काढावें. पदक असेल तर त्याची कड पाहावी. महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, नांव आणि पलटण कोरलेली असते. पलटणीचा दाखला, निवृत्तिवेतनाचा कागद, जुना परवाना हीं सर्व एका ठिकाणीं ठेवावीं. बंदूक उद्यां ठाण्यांत गेली किंवा संग्रहालयांत गेली, तरी हे कागद तिच्याबरोबर गेले तर ती बोलूं लागते. आणि न गेले तर तें केवळ गंजलेलें लोखंड उरतें.