शंभर रुपयांतले एक्केचाळीस पैसे

ताडोबा राष्ट्रीय उद्यानाचं क्षेत्रफळ ११६.५५ चौरस किलोमीटर आहे. हा आकडा मला बरीच वर्षं खटकत होता. जंगल आखायला बसलेला माणूस एकशे पंधरा म्हणेल, एकशे वीस म्हणेल. वर हे पॉइंट पंचावन्न कुठून आणलं? एकदा सहज मैलांचं गणित करून पाहिलं आणि उलगडा झाला. बरोब्बर ४५ चौरस मैल! १९५५ साली हे उद्यान जाहीर झालं तेव्हा किलोमीटर अजून आपल्या दप्तरात शिरायचे होते. ताडोबाचा चांदा (आताचा चंद्रपूर) जिल्हाही तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी होती नागपूर. म्हणजे महाराष्ट्रातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान महाराष्ट्र जन्माला यायच्या पाच वर्षं आधीचं, दुसऱ्याच राज्याने आखलेलं. त्यावर आपण अभिमानाने आपली पाटी लावली आहे.

आज आपल्याकडे अशी सहा उद्यानं आहेत. ताडोबा, नवेगाव, पेंच, मेळघाटातलं गुगामल, बोरिवलीचं संजय गांधी आणि सह्याद्रीतलं चांदोली. त्यातलं सगळ्यांत मोठं गुगामल, ३६१.२८ चौरस किलोमीटरचं. सगळ्यांत लहान बोरिवलीचं. नंतर जोडलेली वनजमीन धरली तर ते शंभरीपार जातं, पण उद्यान म्हणून अधिकृत यादीत त्याच्या नावावर ८६.९६ एवढेच आहेत. सहांची बेरीज १,२७३.६०. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर. भागाकार केला की शेकडा ०.४१ येतात. राज्याची सगळी जमीन शंभर रुपयांची धरली, तर राष्ट्रीय उद्यानांच्या वाट्याला एक्केचाळीस पैसे. एवढ्यात हल्ली शेंगदाण्याची पुडीही येत नाही.

अमेरिकेतलं यलोस्टोन, १८७२ साली जाहीर झालेलं जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, एकटं आपल्या सहांच्या सातपट आहे. ग्रीनलंडच्या ईशान्येचं उद्यान ९,७२,००० चौरस किलोमीटरचं. त्यात अख्खा महाराष्ट्र तीनदा ठेवता येईल, वर थोडी जागा उरेल. भारतातल्या सगळ्या, म्हणजे शंभरावर, राष्ट्रीय उद्यानांची बेरीज केली तरी हे एक उद्यान तिच्या जवळजवळ बावीसपट भरतं. अर्थात तिथे बर्फ आहे, कस्तुरी बैल आहेत आणि माणूस जवळपास नाहीच. आपल्याकडे ग्रेटर मुंबई दोनदा मावेल एवढ्या जागेत वाघ, बिबटे, गवे, अस्वलं, दोन-तीन मोठी धरणं आणि भोवती गावंच गावं. तेव्हा चौरस किलोमीटरचा हा सामना आपण हरलो आहोत हे एकदा मान्य करून टाकू. थक्क करणारे आकडे इथेही आहेत, पण ते नकाशावर दिसत नाहीत. ते पायांत आहेत, पावसात आहेत आणि काळात आहेत.

आधी पायांचं. दर चार वर्षांनी देशभर वाघांची मोजणी होते. २०२२ च्या मोजणीत वनरक्षक, वनमजूर आणि त्यांच्या जोडीचे लोक मिळून ६,४१,४४९ किलोमीटर पायी फिरले. पृथ्वीला सोळा प्रदक्षिणा! बुटाचे तळ झिजवत, हातात मोबाइल नाहीतर कागद घेऊन, विष्ठा, ओरखडे, पावलं यांची नोंद करत. याच मोजणीत ३२,५८८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. वाघाच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना, साधारण गुडघ्याच्या उंचीवर, समोरासमोर एकेक. दोन कशाला, तर वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजव्या कुशीवर नसतात आणि एका वाघाचे दुसऱ्यावर नसतात. एकच बाजू मिळाली तर एकाच वाघाचे दोन वाघ होऊन बसायचे.

या कॅमेऱ्यांनी ४,७०,८१,८८१ फोटो काढले. सेकंदाला एक या वेगाने, न झोपता, न जेवता कोणी ते बघत बसलं तर ५४५ दिवस लागतील. त्यातले वाघाचे फोटो ९७,३९९. म्हणजे बघणाऱ्याला सरासरी आठ मिनिटांनी एकदा वाघ दिसेल. बाकी वेळ चितळं, सांबरं, रानडुकरं, गुरं, सरपणाची मोळी घेतलेल्या बाया आणि वाऱ्याने हललेलं गवत.

आठ मिनिटांना एक हा दर मला तर परवडला असता. ताडोबाच्या मोहर्ली गेटमधून मी पहिल्यांदा आत गेलो त्या सकाळी चार तासांत एकही वाघ दिसला नाही. दिसला तो पंजा. जिप्सी थांबवून गाइड दारावरून खाली वाकला. रस्त्याच्या पांढऱ्या धुळीत आदल्या संध्याकाळच्या गाड्यांच्या टायरची नक्षी होती आणि त्या नक्षीवर, मधोमध, चार बोटं आणि मागची गादी उमटली होती. "टायरच्या वर पंजा आहे न सर. गाड्या गेल्यावर निघाली ती," तो म्हणाला. टायरखाली पंजा असता तर ती गाड्यांच्या आधी गेली, वर आहे म्हणजे नंतर. पंजाच्या कडेची धूळ अजून ढासळली नव्हती. ती नर नाही, मादी आहे हे त्याने कशावरून ठरवलं ते मी विचारलं. तो नुसता हसला.

पूर्वी वाघांची मोजणी अशा पंजांवरूनच व्हायची. काचेवर ठसा गिरवायचा, प्लास्टरचे साचे घ्यायचे. त्या पद्धतीचे आकडे फुगतात हे लक्षात आल्यावर ती सोडली आणि २००६ पासून नवी पद्धत आली. त्या वर्षी महाराष्ट्रात १०३ वाघ निघाले. २०१४ ला १९०, २०१८ ला ३१२, २०२२ ला ४४४. सोळा वर्षांत चौपटीहून जास्त, आणि जंगल तेवढंच. ताडोबा-अंधारी प्रकल्पाच्या हद्दीत त्या मोजणीत ९७ वाघ होते. त्याच वर्षी सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात किती होते? शून्य. एकाच राज्याच्या एका टोकाला दाटी आणि दुसऱ्या टोकाला रिकामा वाडा.

दाटी झाली की तरुण नर बाहेर पडतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातल्या एका वाघाला २०१९ च्या फेब्रुवारीत रेडिओ कॉलर लावली होती. कागदावरचं त्याचं नाव टी१सी१. पुढे लोक त्याला 'वॉकर' म्हणू लागले. जूनमध्ये तो निघाला. तेलंगणात गेला, परत आला, मराठवाड्याची कड धरून कपाशीच्या आणि तुरीच्या शेतांतून, हमरस्ते ओलांडत, दिवसा ओढ्याकाठच्या झुडपांत पडून आणि रात्री चालून डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. कॉलर असेपर्यंतची त्याची चाल ३,००० किलोमीटरच्या वर भरली. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे धरलं तर बारा वाऱ्या, त्याही एकट्याने, आणि वाटेत एक मुक्कामही कोणी ठरवून न दिलेला. ज्ञानगंगेत वाघीण नव्हती. एवढी पायपीट करून गडी पोचला ते रिकाम्या घरी.

सह्याद्री प्रकल्पातच मोडणाऱ्या चांदोलीची रिकामी जागा पायी चालत भरण्याची वाट मग कोणी पाहिली नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोबातली एक वाघीण पिंजऱ्यातून, गाडीने, राज्य आडवं कापून चांदोलीत आणली गेली. विदर्भातल्या सागाच्या आणि बांबूच्या जंगलातून ती आली ती ढगांच्या मुलखात. या परिसरातल्या पाथरपुंजला पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या पुढे जातो. पुण्याचे सात पावसाळे एकाच पावसाळ्यात. पडलेलं सगळं पाणी होतं तिथेच उभं राहिलं असतं तर दीड मजली घर बुडालं असतं. ते उभं राहत नाही, वारणेत आणि कोयनेत उतरतं आणि खालच्या ऊसवाल्यांना आपलं वाटतं. ३१७.६७ चौरस किलोमीटरच्या या उद्यानात सांगली, सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरी असे चार जिल्हे शिरले आहेत. वरचे सडे म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा माथा. गंमत म्हणजे जिथून वाघीण आली तिथली जमीन याहून कितीतरी म्हातारी. चंद्रपूरच्या खाणींतला कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून जुना आहे. आपल्याला सह्याद्री पुरातन वाटतो, पण तो बिचारा यात धाकटा.

नवेगावबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथलं खरं आश्चर्य जंगल नाहीच, तलाव आहे. सुमारे अकरा चौरस किलोमीटरचा हा तलाव कोलू पाटील नावाच्या, कोहळी समाजातल्या माणसाने बांधला असं परंपरा सांगते. मारुती चितमपल्ली तिथे वनाधिकारी होते. त्यांचं लेखन ज्यांनी वाचलं आहे त्यांना मी नवं काही सांगू शकत नाही.

पेंचची संख्या मात्र पृथ्वीवरची नाही. जानेवारी २०२४ मध्ये पेंचला 'डार्क स्काय पार्क' असा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, भारतात पहिलाच. रात्रीचा अंधार राखलेली जागा, एवढाच त्याचा अर्थ. गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून त्यांचा उजेड खाली वळवला. पाऊस संपल्यावर, अमावास्येच्या आसपास तिथे मान वर केली तर देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांना दिसते. पुसट, बोट फिरवून पुसल्यासारखा डाग. त्या डागाचा जो उजेड डोळ्यांत शिरतो तो २५ लाख वर्षांपूर्वी तिथून निघालेला असतो. तो निघाला तेव्हा आपली जातच अजून यायची होती. नागपूरच्या गच्चीवरून हाच उजेड शेवटच्या सेकंदाला हरतो, मंगल कार्यालयाच्या फोकसपुढे.

मेळघाटाचा आकडा ११३. रानपिंगळा हे वीतभर उंचीचं घुबड १८८४ नंतर कोणाला सापडलं नव्हतं. मधे १९१४ सालचा एक नमुना होता, पण तो ब्रिटिश कर्नल मायनर्ट्झहागनच्या संग्रहातला, आणि पुढे उघड झालं की साहेबांनी म्युझियममधला जुनाच पक्षी चोरला, पुन्हा भरला आणि नवी चिठ्ठी लावली! खोट्या चिठ्ठीवरचा पत्ता होता गुजरातचा, त्यामुळे शोधणारे भलतीकडेच शोधत राहिले. पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी पकडली. तो पत्ता बाजूला ठेवून आणि एकोणिसाव्या शतकातल्या खऱ्या नोंदींचा माग काढत त्या व त्यांचे सहकारी नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी पोचले. तिथे एका फांदीवर तो बसला होता. पुढे मेळघाटात तर त्याची चांगली वस्ती निघाली. हे घुबड भरदिवसा वावरतं. एकशे तेरा वर्षं ते उजेडात बसून होतं आणि मोठे विद्वान त्याला नामशेष समजत होते. मेळघाटातल्या कोरकू आदिवासींना कोणी विचारलं होतं की नाही, कोण जाणे.

आणि बोरिवली. याच्याइतकं विचित्र उद्यान जगात थोडंच असेल. २०२४ च्या मोजणीत इथे आणि लगतच्या भागात ५४ बिबटे आढळले. २०११ च्या जनगणनेची १ कोटी २४ लाख मुंबई धरली तर एका बिबट्यामागे २ लाख ३० हजार मुंबईकर. हे बिबटे कुत्री खातात हे सगळ्यांना ठाऊक आहे. किती खातात याचा हिशेब २०१८ च्या एका शोधनिबंधात केला होता. तेव्हाच्या ३५ बिबट्यांना धरून वर्षाला सुमारे १,५०० कुत्री आणि त्यामुळे टळलेले माणसांना होणारे सुमारे १,००० चावे. महापालिकेच्या कुठल्या खात्यात ही नोंद करायची हा प्रश्नच आहे. विहार आणि तुळशी हे दोन तलावही याच हद्दीतले. तुळशीचं ८०० कोटी लिटर पाणी म्हणजे आजच्या मुंबईची जेमतेम दोन दिवसांची तहान. १८७९ साली तो बांधणाऱ्यांना ते मुबलक वाटलं असणार.

पण बोरिवलीला माझ्या मते खरा आकडा आठ. कारवी सात वर्षं हिरवी, खरखरीत पानांची, कोणाचं लक्ष न जाणारी झुडपं म्हणून उभी असते. आदिवासी पाड्यांत तिच्या काठ्यांचे कूड विणतात आणि वर शेण-माती लिंपतात. वारली चित्रं ज्या भिंतींवर निघाली त्या भिंतींच्या पोटात ही कारवी आहे. आठव्या पावसाळ्यात उतारच्या उतार एकदम जांभळे होतात, मधमाश्यांचा आवाज रस्त्यापर्यंत येतो आणि फुलून झालं की झाड मरतं. वाळलेली बोंडं झाडावर राहतात आणि पुढच्या पावसात ओली झाली की टक् टक् करत फुटून बिया उडवतात. बोरिवलीत ती २००८ साली फुलली, २०१६ साली फुलली, २०२४ साली फुलली. माणसाने ऐंशी वर्षं जगून दर खेपेला आठवणीने हजेरी लावली तरी दहा वेळा पाहून होते.

पुढचा बहर २०३२ चा. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर मोकळा ठेवा आणि रेनकोट विसरू नका.