रॅम्प बांधला म्हणजे झालं?

27 सप्टेंबर ते 5 ऑक्टोबर 2025 या काळात दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर जागतिक पॅरा अॅथलेटिक्स स्पर्धा झाली. भारतात ती पहिल्यांदाच आली. भारताने 6 सुवर्णांसह 22 पदकं मिळवली आणि कौतुकाबरोबर गैरसमजांनाही भरती आली.

सर्वांत चिवट गैरसमज म्हणजे ‘यात सगळ्यांनाच पदकं वाटतात’. दिल्लीत 186 पदक-प्रकार होते, त्यामुळे तसं वाटू शकतं. पण अंध धावपटूला आणि एक हात अधू असलेल्याला एकाच शर्यतीत उतरवणं हा न्याय नव्हे. म्हणून गट पाडतात. गटाच्या नावात टी म्हणजे धावणं आणि उड्या, एफ म्हणजे फेकीचे प्रकार. 11 ते 13 हे आकडे दृष्टिदोषाचे, 40-41 कमी उंचीचे. सांगली जिल्ह्यातला आपला सचिन खिलारी गोळाफेकीत एफ46 मध्ये, म्हणजे हाताला अपंगत्व असलेल्यांच्या गटात खेळतो. 2024 साली जपानमधल्या कोबेत याच जागतिक स्पर्धेत त्याने 16.30 मीटरवर सुवर्ण जिंकलं. ही फेक कुणी दयेपोटी मोजून दिलेली नाही.

‘रॅम्प बांधले, रुंद दारांची स्वच्छतागृहं केली की यजमान मोकळा’ हाही भ्रमच. ते तर हवंच, पण खरा घाम मैदानात गळतो. टी11 च्या शर्यतीत डोळ्यांवर पट्टी असलेल्या धावपटूसोबत दोरीने जोडलेला गाइड पळतो. जोडीला दोन लेन लागतात, म्हणून आठ लेनवर चारच स्पर्धक. गाइडने आधी रेषा ओलांडली तर स्पर्धक बाद! अंधांच्या लांब उडीत पावडर पसरलेल्या 1 मीटरच्या पट्ट्यावर पाऊल उमटतं, तिथून मोजणी होते. खेळाडू मदतनीसाच्या टाळ्यांच्या नाहीतर हाकेच्या दिशेने धावतो. तेवढा वेळ स्टेडियमने चिडीचूप बसायचं. आपल्या प्रेक्षकांसाठी हीच मोठी परीक्षा. बसून फेकणाऱ्यांची खुर्ची पट्ट्यांनी जमिनीला घट्ट आवळतात, तिची उंची (उशीसकट) 75 सेंटिमीटरच्या आत आहे का ते तपासतात. मग तो खेळाडू इतरांशी आलटून-पालटून नव्हे, सलग फेकी करतो. वेळापत्रक आखणाऱ्याला विचारा, या खुर्च्या बांधण्या-सोडण्यात किती वेळ जातो ते.

स्पर्धेआधी तज्ज्ञांचं पथक खेळाडूंचं वर्गीकरण करतं. कधी गट बदलतो, कुणी हरकत घेतं, की नावांच्या याद्या पुन्हा कराव्या लागतात. एवढं सांभाळूनही यजमानाची फजिती भलत्याच ठिकाणी होते. दिल्लीत केनियाच्या आणि जपानच्या प्रशिक्षकांना स्टेडियममध्ये भटकी कुत्री चावली.

‘कामगिरी दुय्यम असते’ म्हणणाऱ्यांसाठी एक निकाल. 2016 च्या रिओ पॅरालिंपिकमध्ये अंशतः दृष्टिदोष असलेला अल्जेरियाचा अब्देलातिफ बाका 1500 मीटर 3 मिनिटं 48.29 सेकंदांत धावला. त्याच शहरातल्या ऑलिंपिक विजेत्याची वेळ होती 3:50.00. ऑलिंपिकची ती शर्यत डावपेचांमुळे संथ झाली होती हे खरंच, पण वेळ ती वेळ.

पॅरा स्पर्धेत सर्व अपंगत्वं येतात, असंही नाही. कर्णबधिरांची डेफलिंपिक्स वेगळी. बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी स्पेशल ऑलिंपिक्स आहे, शिवाय पॅरा अॅथलेटिक्समध्येही टी20/एफ20 हा गट असतो. तेव्हा निकाल वाचताना नावापुढचा गट आधी पाहा आणि आपल्या गावच्या खेळाडूच्या सत्काराच्या फलकावर तो अचूक छापा.