‘बेल्ट गेलाय’ म्हणण्यापूर्वी

संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर असे मुक्काम करत पुढे सरकली, की वाटेवरच्या घरांत चादरी, सतरंज्या आणि वाकळांचा ढीग धुवायला निघतो. तो सेमी-ऑटोमॅटिक मशीनमध्ये कोंबला जातो आणि मशीन अडतं. मोटर चालू असते, पण टबातली चकती हलत नाही. ‘बेल्ट गेलाय’ असा निकाल लगेच लागतो.

हाच निकाल स्पिनर बंद पडल्यावरही लागतो आणि तिथे तो साफ चुकतो. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये बेल्ट असतो तो धुण्याच्या बाजूला. मोटरच्या छोट्या पुलीवरून गिअरबॉक्सच्या मोठ्या पुलीकडे. स्पिनरची मोटर वेगळी आणि ती थेट स्पिनरच्या टबाला जोडलेली. तो फिरत नसेल तर झाकणाचा स्विच, ब्रेकची तार, कंडेन्सर पाहा. धुण्याची मोटरही नुसती हुंऽऽ करत जागच्या जागी थांबली असेल, तर संशय आधी कंडेन्सरवर घ्यावा. मोटरची पुली गरगर फिरते आणि मोठी पुली जागची हलत नाही, तेव्हा दोष बेल्टकडे जातो.

बेल्ट घसरायला लागला की त्याला साबण, राळ किंवा मेण चोळायचा सल्ला हमखास मिळतो. तो पिठाच्या गिरणीवरून आलेला असावा. गिरणीचा जुना पट्टा सपाट. त्याची पकड पृष्ठभागावर असते, म्हणून तिथे राळ चोळायची पद्धत होती. वॉशिंग मशीनचा व्ही-बेल्ट मात्र पाचरीसारखा पुलीच्या खाचेत रुततो आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींवर पकड घेतो. त्याचा तळ खाचेच्या बुडाला टेकायलाच नको. बेल्ट काढल्यावर खाचेचं बूड घासून चकचकीत झालेलं दिसलं, तर बेल्ट किंवा पुली झिजलेली आहे. वरून काहीही चोळलं तरी उपयोग नाही. तेलाने तर रबर फुगतं. बेल्टवर तेलाचे डाग असतील, तर गिअरबॉक्सचं सील गळतंय का ते आधी पाहावं, नाहीतर नवा बेल्टही तसाच भिजेल.

‘जेवढा घट्ट तेवढा चांगला’ हा सगळ्यात महागात पडणारा समज. जास्त ताणलेला बेल्ट मोटरचं बुश आणि गिअरबॉक्सचं बेअरिंग खातो आणि काही रुपयांचं काम काही हजारांवर जातं. मोटरचे बोल्ट लांबट खाचांमध्ये असतात ते यासाठीच. ते सैल करून मोटर सरकवायची, बेल्ट मध्यावर अंगठ्याने दाबल्यावर साधारण एक सेंटिमीटर दबला पाहिजे, मग बोल्ट आवळायचे. हे सगळं प्लग काढूनच. कंडेन्सरच्या टोकांना मात्र प्लग काढल्यावरही हात लावू नये, त्यात वीज साठलेली राहू शकते. बेल्ट चढवताना स्क्रू-ड्रायव्हरने ओढू नये, आतले दोरे तुटतात. छोट्या पुलीवर बसवून मोठी पुली हाताने फिरवली की तो आपसूक चढतो.

दुकानात जुना बेल्ट घेऊन जावा. ‘सात किलोच्या मशीनचा द्या’ एवढं पुरत नाही. बेल्टवर छापलेलं अक्षर जाडी-रुंदी सांगतं (एम म्हणजे वरून 10 मिमी, ए म्हणजे 13 मिमी) आणि पुढचा आकडा लांबी इंचात. एका इंचाच्या फरकाने बेल्ट सैल पडतो किंवा चढतच नाही.

नवा बेल्टही पुन्हा पुन्हा जात असेल, तर कारण बाहेर शोधावं. मशीनची क्षमता कोरड्या कपड्यांच्या वजनावर दिलेली असते. भिजलेली वाकळ त्या हिशोबात बसत नाही. व्होल्टेज 230 वरून 180 वर आला, तर मोटरचा जोर जवळपास साठ टक्क्यांवर येतो. ऊसतोडणी झाली की शेतातले उंदीर घराकडे वळतात आणि मशीनच्या तळाची जाळी निघालेली असेल, तर बेल्ट कुरतडतात. कुरतडलेल्या बेल्टच्या कडा दातेरी दिसतात, झिजलेल्याच्या गुळगुळीत. मेकॅनिकला फोन करण्याआधी एवढं तपासून घेता येतं.

व्हॅक्युम क्लीनरबद्दलही असाच घोळ होतो. त्याचा बेल्ट, तोही फक्त फिरता ब्रश असलेल्या काही मशीनमध्ये, ब्रश फिरवतो. धूळ ओढण्याचं काम पंख्याचं. ओढ कमी झाली असेल तर पिशवी, फिल्टर आणि पाइप साफ करावा. रबर जळाल्याचा वास आला तर ब्रशला गुंडाळलेले केस आणि दोरे कापून काढावेत, मगच बेल्टची चौकशी करावी.